उत्तर न देण्याची जागा

स्केलबेक
रविवार, १२ नोव्हेंबर २०२३

रोडा,

'प्रिय' लिहायला पेन टेकवलं आणि उचललं. आमच्या कॉन्व्हेंटमधल्या सिस्टर ॲल्फॉन्सस म्हणायच्या, पत्राचा मायना म्हणजे खोटं बोलायची पहिली संधी, ती साधू नका. तेव्हा नुसतं रोडा.

मी बरी आहे. थंडी पडल्यापासून गुडघा कुरकुरतो. बैठकीच्या घराचं छप्पर पुन्हा गळायला लागलं होतं. वॉल्टरनं त्याच्याखाली बादली ठेवली आणि चिटणीस या नात्यानं 'दुरुस्ती झाली' असं जाहीर केलं. परसातल्या सफरचंदाला यंदा अतोनात फळ आलं. दरवर्षी तुझ्यासाठी जेलीच्या बरण्या बाजूला काढते. यंदा काढल्या नाहीत. हे मुद्दाम कळवते आहे.

आज सकाळी गावात युद्धातल्या मृतांसाठी दोन मिनिटं शांतता होती, आणि आत आमच्या क्वेकर बैठकीत नेहमीची तासाभराची. बाहेर बँड वाजायला लागला तेव्हा मला वाटलं, आता एडविन माझ्याकडे बघून भुवई उडवेल. मग आठवलं. ऑगस्टपासून हे असंच चाललंय. आधी वाटतं, मग आठवतं.

आता मुद्द्याचं. परवा डॉब्सनच्या दुकानात सॉसेज घ्यायला गेले होते. दुकानात पाचसहा जण. डॉब्सन सुरी पुसत सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "मिसेस गार्थ, तुमच्या मिस्टरांना फोनवर पाहिलं हो काल. बिचारे! आमची ही तर रडायलाच लागली."

मी म्हटलं, "चार सॉसेज द्या."

"घाबरले होते ना फार?"

"जाड नकोत. बारीक द्या."

रोडा, तुझा भाऊ चाळीस वर्षं त्या दुकानात जात होता. हवापाण्याखेरीज एक शब्द तो तिथे कधी बोलला नाही. आता सुरीवाल्याला त्याच्या पोटातलं ठाऊक आहे.

तुझ्या आठवणीत सगळं तुझ्या सोयीनं बसतं, म्हणून काय झालं ते लिहून ठेवते. मार्चमध्ये तू आलीस. तुझ्या त्या नेटवरच्या छोट्या फिल्मांसाठी तुला आमची बैठक हवी होती. क्वेकर म्हणजे संग्रहालयातली वस्तू नव्हे, जिवंत धर्म आहे, तो आजच्या लोकांपर्यंत पोचवला पाहिजे, तीनशे वर्षं आपण दिवा पाटीखाली झाकून ठेवला, वगैरे वगैरे. बैठक संपल्यावर सूचनांच्या वेळी तू उभी राहिलीस आणि म्हणालीस, "पुढच्या रविवारी कोपऱ्यात कॅमेरा ठेवला तर कुणाची हरकत?"

आम्ही सगळे गप्प बसलो.

ही चूक क्वेकरांशिवाय जगात कुणीही केली नसती. इतर कुठल्याही खोलीत लोक गप्प बसले तर माणूस समजतो, यांना आवडलेलं नाही. तू समजलीस, सगळ्यांचं एकमत झालं! वॉल्टरचं कानातलं यंत्र बंद होतं. मी वाट बघत होते की तुझा भाऊ बोलेल, बहीण त्याची. आणि तुझा भाऊ खिडकीबाहेर बघत होता. तू हसून म्हणालीस, "आभारी आहे, मित्रहो."

पुढच्या रविवारी बैठकीच्या मध्यावर एडविन उठला. माझ्या शेजारून उठला. बाकाला धरून म्हणाला, "मला मरायची भीती वाटते. देवाबद्दल शंका नाही. पण भीती वाटते." आणि बसला. त्या आठवड्यात डॉक्टरांनी त्याला स्पष्ट सांगितलं होतं. मला त्यानं सांगितलं होतं की डॉक्टर म्हणाले, बघू.

तो गेला आणि महिन्याभरात तू ते लोकांसमोर मांडलंस. मी ते पाहिलेलं नाही, पाहणारही नाही. पण वॉल्टरनं फिल्मखाली लोकांनी लिहिलेली उत्तरं चहाच्या वेळी वाचून दाखवली, तीही खड्या आवाजात, कारण त्याला वाटतं आपण कुजबुजतोय. "आजोबा, येशूला शरण जा." "माझ्या काकांना या गोळ्यांनी गुण आला." "हे लोक अजून आहेत? मला वाटलं ओट्सच्या डब्यावरच असतात." एकानं नुसतं लिहिलं होतं, "नाटकी म्हातारा."

नाटकी! रोडा, तो माणूस लग्नाच्या दिवशीसुद्धा घसा खाकरून दोनच शब्द बोलला होता. आणि तू त्याला तसाच, स्वेटरचं दुसरं बटण लोंबतंय अशा अवस्थेत, अख्ख्या जगापुढे उभा केलास. घरचं वेशीवर टांगणं याहून वेगळं काय असतं?

डिसेंबरच्या पहिल्या रविवारी कामकाजाची बैठक आहे. विषय मी दिलाय : ती फिल्म उतरवावी. तू म्हणालीस की बैठक सांगेल ते मानशील. बघू.

फोन करू नकोस. फोनवर तू रडतेस, मग मला तुझी समजूत घालावी लागते. यावेळी घालायची नाही.

फिलोमिना गार्थ


स्केलबेक
गुरुवार, २३ नोव्हेंबर

रोडा,

तुझं पत्र आलं. पहिल्याच ओळीत हसलीस : "पाहिलेलं नाहीस तर बटण कसं दिसलं, वहिनी?"

हो. पाहिलं. एकदा.

आता तू म्हणशील, एकदाच? त्याचं उत्तर मी देणं लागत नाही.

तुझा बाकीचा मजकूर मी उभ्यानं वाचला, मग बसून वाचला. तू लिहितेस की एडविनच्या सांगण्यावरूनच तू ते लावलंस. मे महिन्यात मी दुकानात गेले असताना तो तुला म्हणाला, "ते मी गेल्यावर लाव. आत्ता नको, नाहीतर अख्खं गाव घरी सूप घेऊन येईल." हे वाक्य त्याचं आहे. हे तुला रचता आलं नसतं, तुला विनोद जमत नाही.

पण पुढचंही तू लिहिलंस. तू त्याला विचारलंस, फिलला सांगितलंस का, आणि तो म्हणाला, "फिलला सांगायला गेलं की ती धीर देते. किटली ठेवते आणि धीर देते. मला धीर नकोय, रोडा. मला ते नुसतं म्हणायचंय."

हे तू लिहायला नको होतंस. खोटं असतं तर मी तुला झोडपलं असतं आणि मोकळी झाले असते. खरं असेल तर मुळीच लिहायला नको होतंस.

आणि त्यावर कडी म्हणून काय लिहावं? "विश्वास नसेल तर बायबलवर हात ठेवून शपथ घेते. कॉन्व्हेंटवाल्यांना तेवढं पुरेल ना?"

वा, रोडा. शेहेचाळीस वर्षांनीही मी कॉन्व्हेंटवाली. माझ्या आईनं तुमच्याकडे लग्न ठरल्यावर स्वयंपाकघरात डोक्याला हात लावला होता : "प्रोटेस्टंट असते तरी एक वेळ सोसलं असतं. हे तर धड तेही नाहीत. ना क्रूस, ना भजन, ना पाद्री. माझी पोरगी खुर्च्यांची पूजा करणार!" मी तिच्याशी भांडले, तुमच्या बाजूनं. आणि तुमच्यात आल्यावर तुझ्या वडिलांशी भांडले, नन्सच्या बाजूनं. माणूस दोन्ही घरांत परका असला की दोन्हीकडे जीभ चालवावी लागते.

मला तुझी शपथ नको. तुझे पूर्वज लँकेस्टरच्या तुरुंगात बसले होते, कारण कोर्टात शपथ घेणार नाही म्हणाले. शपथ घ्यायची म्हणजे एरवी आपण खोटं बोलतो हे कबूल करायचं. माझं हो म्हणजे हो. ही गोष्ट एडविननं मला पहिल्या भेटीत सांगितली होती, बसस्टॉपवर, पावसात, आणि मी त्यावरच भाळले. आता तीच माझ्या गळ्याशी आली. तुझ्या घराण्यात खऱ्याच्या वर आणखी खरं अशी पायरीच नाही. तू म्हणतेस तो म्हणाला, म्हणजे तो म्हणाला. तुला खोटी ठरवायची तर मला ते सगळंच खोटं ठरवावं लागेल, त्याच्यासकट.

तुझ्यावर विश्वास ठेवावा लागतो, हाच माझा सगळ्यात मोठा राग आहे.

पण रोडा, तुला एक गोष्ट कळलेली नाही, आणि जन्मानं क्वेकर असून कळलेली नाही याची कमाल वाटते. एडविन तिथे का बोलला? कारण तिथे कुणी उत्तर देत नाही. एक जण उठतो, बोलतो, बसतो, आणि त्याचं बोलणं तसंच राहतं. कुणी 'होईल सारं ठीक' म्हणत नाही. कुणी गोळ्यांची नावं सांगत नाही. मी त्याच्या कोपराला लागून बसले होते, माझ्या तोंडात दहा वाक्यं आली होती, आणि रिवाज म्हणून मला ती गिळावी लागली. तासभर. त्याच्या अख्ख्या आजारात मी गप्प राहिले असा तो एकच तास.

आणि तू ते उचलून अशा ठिकाणी नेलंस जिथे उत्तर दिल्याशिवाय कुणाला राहवतच नाही! आमच्या कॅथलिक चर्चमध्ये कबुलीच्या पेटीला एक अरुंद खिडकी असायची. पलीकडचा पाद्री मरेल, पण ऐकलेलं बोलणार नाही. तुमच्याकडे खिडकी नाही, सगळेच त्या पेटीत एकत्र बसतात, म्हणून मला तुमचं जास्त आवडलं होतं. तू त्या पेटीला दुकानाची काच बसवलीस.

तू म्हणतेस, "आपण गप्प राहून संपत चाललोय, फिल. स्केलबेकला नऊ डोकी उरलीत. आणखी दहा वर्षांनी तिथे कुणी तरी सुट्टीसाठी घर करेल आणि त्याला 'जुनं क्वेकर घर' असं नाव देईल." खरं आहे. पण संपायचंच असेल तर अब्रूनं संपू. डॉब्सनच्या दुकानात नको.

पहिल्यांदा एडविनबरोबर बैठकीला आले तो दिवस मला परवा सारखा आठवत होता. मला वाटत होतं, आता घंटा होईल, आता कुणी तरी उभं राहायला सांगेल. काहीच होईना. तेवढ्यात कुणाचं तरी पोट एवढं मोठ्यानं वाजलं की बाक हलला. तू शाळकरी, वेण्या घातलेली. तू माझ्याकडे न बघता हात लांबवलास आणि माझ्या मुठीत पेपरमिंटची गोळी दिलीस. आपण दोघी डोळे मिटून गदगदत होतो. हस्तांदोलन होऊन बैठक संपल्यावर तू म्हणालीस, "घाबरू नका. इथे काहीही झालं नाही, तर समजायचं चांगलं झालं."

ती मुलगी कुठे गेली, आणि हातात कॅमेरा घेतलेली ही कोण, हे मला कळत नाही.

तीन तारखेला ये, किंवा येऊ नकोस.

फिलोमिना

ता. क. तू विचारतेस म्हणून नाही, पण सांगते. त्याच्या बोलण्याआधी तुझ्या फिल्ममध्ये थोडी शांतता आहे. लोकांना ती रिकामी वाटत असेल. तिच्यात तो दोनदा श्वास घेतो. नाकातून, शीळ घातल्यासारखा. त्या शिळेसाठी मी त्याला किती वर्षं ढोसून कुशीवर वळवलं. तू ते कापलं का नाहीस?


स्केलबेक
रविवार, ३ डिसेंबर, दुपारी

रोडा,

तू आली नाहीस. वॉल्टर म्हणाला, तिच्या येण्यानं कुणावर दडपण नको म्हणून ती थांबली. मी म्हटलं, "तिला लाज वाटली असेल." वॉल्टर म्हणाला, "फिल, तेही असेल." त्याचं यंत्र आज चालू होतं, दुर्दैवानं.

कामकाजाआधी नेहमीची बैठक. मी आत गेले तर एडविनच्या जागेवर एक बाई बसलेली. चाळिशीची, बसड्रायव्हरचं जाकीट, पायात पांढरे बूट. तुझी फिल्म पाहून आलेली, हे मी तत्क्षणी ओळखलं, कारण ती खोलीकडे अशी बघत होती जणू ती आधी येऊन गेली आहे. मी तिच्या शेजारी, माझ्या जागेवर बसले. मुद्दाम. वाटलं, अवघडेल आणि उठेल. उठली नाही. थोड्या वेळानं तिनं खिशातून चिप्सची पिशवी काढली. रोडा, त्या शांततेत तो आवाज म्हणजे छप्पर कोसळावं! तिनं माझ्याकडे पाहिलं, पिशवी तशीच घडी करून खिशात कोंबली आणि तासभर हललीसुद्धा नाही. मी मात्र त्या तासात देवाचा विचार केला नाही. तुला काय काय सुनवायचं याची उजळणी केली.

चहाच्या वेळी ती माझ्याकडे आली. म्हणाली, "सॉरी हं, मावशी. पहाटेची पाळी होती, पोटात काही नव्हतं. मी टेम्सिन."

"इथे खात नाहीत," मी म्हटलं.

"लक्षात आलं. तुम्ही बघितलंत ना, तेव्हाच आलं."

मग इकडेतिकडे बघून तिनं विचारलं, "ते आजोबा आज आले नाहीत का? ते फोनवरचे? त्यांना भेटायला आले होते मी. म्हणजे भेटायला असं नाही. जवळपास बसायला."

वॉल्टर बशीतल्या बिस्किटांत एकदम गुंतला. तुझ्या फिल्मखाली तो गेला असं कुठेच लिहिलेलं नाही, हे तुला माहीत आहे का? नसणारच. तू मोठी मोठी अक्षरं लिहिलीस, 'एका वृद्ध क्वेकरची कबुली'. तो गेला एवढंच लिहायचं राहिलं.

मी तिला म्हटलं, "ते मागे आहेत. चला."

तिला वाटलं, मागे म्हणजे स्वयंपाकघरात. मी तिला भिंतीपलीकडे नेलं. गवत ओलं होतं. सगळे दगड सारखे, गुडघ्याएवढे, तुला ठाऊकच आहेत. जिवंतपणी कुणाला वरचं आसन नाही तर मेल्यावर कशाला. त्याचा दगड अजून नवा दिसतो. तिनं नाव वाचलं, खालचं साल वाचलं. मी वाट बघत होते. आता म्हणेल, फार वाईट झालं. आता म्हणेल, सुटले बिचारे. आता माझ्या दंडावर हात ठेवेल. मी तयार होते, रोडा, तिची चामडी सोलायला मी पूर्ण तयार होते.

ती काहीही म्हणाली नाही. जाकिटाच्या खिशात हात घालून उभी राहिली. मीही राहिले. कावळे ओरडत होते. गुडघा दुखायला लागला तरी ती हलेना, म्हणून मीही हलले नाही.

शेवटी मीच विचारलं, "तुम्ही काय लिहिलं होतंत? त्या फिल्मखाली?"

"काहीच नाही. काय लिहिणार?" ती म्हणाली. "मी ती पाहिली आणि बसमध्ये तशीच बसून राहिले. शेवटचा थांबा होता. माझं पण एक ऑपरेशन आहे जानेवारीत. आमच्या घरी सगळे सारखे बोलत असतात हो. मी पण."

मी तिला धीर दिला नाही. ओठावर आला होता. किटलीही आठवली. पण नाही दिला.

मग कामकाजाची बैठक. वॉल्टरनं विषय वाचला. तुझं म्हणणंही वाचलं, एडविनच्या वाक्यासकट, किटलीसकट. तू ते बैठकीलाही कळवलं होतंस! आता स्केलबेकच्या नऊ माणसांना ठाऊक आहे की माझा नवरा माझ्या धीराला कंटाळला होता. वाचताना वॉल्टरचे कान लाल झाले. मग तो म्हणाला, "मित्रहो, आपण थोडा वेळ शांत बसू," आणि सगळे बसले. पेन उघडून तो वाट बघत राहिला. मला कळत होतं काय होणार. माझ्याकडे बघायचा धीर कुणाला नव्हता, बोलायचा तर नाहीच. मीही गप्प बसले असते तर त्यानं 'एकमत झालं' असं लिहून टाकलं असतं, मार्चसारखं, आणि कशावर झालं ते कुणालाच कळलं नसतं.

म्हणून मी उठले. बाकाला धरून उठले. मी म्हटलं, "मी रोडाला माफ केलेलं नाही. ती फिल्म राहू दे. पण तिच्याखाली उत्तरं लिहायची सोय बंद करा. आणि तो गेला आहे हे लिहा."

बसले.

कुणी काही बोललं नाही. रिवाजच आहे. पण आज पहिल्यांदा मला तो रिवाज आतून कळला. बोललेलं तसंच खोलीत राहिलं, कुणी त्याच्यावर पांघरूण घातलं नाही, आणि मी त्याच्याशेजारी बसू शकले.

वॉल्टरनं ठराव लिहिला आणि वाचला. त्यात माफीचं वाक्य नव्हतं. मी म्हटलं, "पहिलं वाक्य गाळलंत."

"फिल, ते ठरावात कसं..."

"मी बोलले ना? मग लिहा."

त्यानं लिहिलं. पुन्हा वाचलं. सगळे मंजुरीदाखल म्हणाले, "अशीच आशा आहे." तेव्हा स्केलबेकच्या दप्तरात आता कायमचं नोंदलेलं आहे की मित्र फिलोमिना गार्थ हिनं मित्र रोडा गार्थ हिला माफ केलेलं नाही. वाचायला गंमत वाटेल पुढच्यांना, कुणी उरले तर.

मला माहीत आहे तू काय म्हणशील. उत्तरं बंद केली की लोक येत नाहीत, पसरत नाही, तुझी वर्षाची मेहनत पाण्यात. जाईल तर जाऊ दे. ज्याला बोलल्याशिवाय राहवत नाही त्यानं दुसरीकडे जावं. ज्याला राहवतं तो बस पकडून येईल. टेम्सिन पुढच्या रविवारी येणार आहे. मी तिला सांगितलंय, खाऊन या.

एडविनची जागा मी तिला दिली. माझ्या दुसऱ्या बाजूची अजून रिकामी आहे, खिडकीकडची. तिथे वारा लागतो. शाल आणावी लागेल.

जेलीची एक बरणी काढून ठेवली आहे. एकच. ती पाठवणार नाही.

या पत्राला उत्तर लिहू नकोस, रोडा. समजूत घालू नकोस, कारणं देऊ नकोस, दहा तारखेला साडेदहाला येऊन त्या जागेवर बस आणि तासभर एक शब्द बोलू नकोस. पेपरमिंट मी आणीन.

अजून रागात असलेली,
तुझी वहिनी
फिल